रविवारची शाळा कुणासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



चौतीस वर्षं मी कोल्हापुरात दर रविवारी सकाळी मुलांना शिकवते आहे. पगाराची नोकरी वेगळी होती, ती प्राथमिक शाळेत. तिथून मी निवृत्त झाले. रविवारची ही शाळा बिनपगारी, त्यामुळं तिथं निवृत्तीही नाही. आमच्या ख्रिस्ती समाजात तिला शब्बाथ शाळा म्हणतात. मोठ्यांची उपासना सुरू होण्याआधी तासभर ती भरते. चार वर्षांच्या पोरापासून दहावीतल्या मुलापर्यंत सगळे येतात. गाणी होतात, पवित्र शास्त्रातली एखादी गोष्ट होते, त्या आठवड्याचं सुवर्णवचन पाठ करून म्हणून दाखवायचं असतं. वर्षाच्या शेवटी परीक्षा आणि नाताळात बक्षिसं. तुमच्याकडं तिन्हीसांजेला परवचा असतो, शुभंकरोति असते, कुणाच्या घरी हरिपाठ असतो, तसंच हे समजा.

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या शाळेतल्या एका प्रश्नाविषयी. तो प्रश्न मला एका चौथीतल्या मुलीनं विचारला आणि मी त्याचं उत्तर चुकवलं.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हायवे बंद, गावंच्या गावं पाण्यात, शहराच्या काही भागांत होड्या फिरत होत्या. दोन रविवार आमची शाळा भरलीच नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरली तेव्हा बावीसपैकी नऊ मुलं आली. मी मुद्दाम सोपा धडा घेतला, गाणी जास्त घेतली. शेवटी विचारलं, “कुणाला काही विचारायचंय?” हा प्रश्न आम्ही शिक्षक सवयीनं विचारतो. उत्तराची अपेक्षा नसते.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. नदीकाठच्या एका गावातून ही मुलगी आजीबरोबर एस.टी.नं यायची. सुवर्णवचनात कायम पहिली. ती म्हणाली, “बाई, नोहानं तारवात जनावरं पण घेतली होती ना? मग आमची म्हैस का राहिली?”

श्रोत्यांपैकी काहींना ही गोष्ट ठाऊक नसेल. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात महापुराची कथा आहे. नोहा नावाचा माणूस एक मोठं तारू बांधतो, त्यात आपलं कुटुंब आणि प्रत्येक जातीच्या पशुपक्ष्यांची जोडी घेतो. पूर ओसरल्यावर देव आकाशात धनुष्य ठेवतो आणि पुन्हा असा प्रलय आणणार नाही असं वचन देतो. जगभरच्या शब्बाथ शाळांत ही गोष्ट मुलांची सगळ्यात आवडती. आम्ही ती रंगीत चित्रं दाखवून शिकवतो. जिराफाची मान तारवाच्या खिडकीतून बाहेर आलेली असते आणि मुलं हसतात.

मी तिला काय सांगितलं? मी म्हटलं, “बाळा, देवानं सगळी पृथ्वी बुडवणार नाही असं म्हटलं होतं. एखाद्या नदीला पूर येणारच नाही असं नव्हतं म्हटलं.” उत्तर शास्त्राप्रमाणं बरोबर होतं. परीक्षेत असतं तर पाचपैकी पाच गुण मिळाले असते. ती म्हणाली, “बरं, बाई.” आणि खाली बसली. पुढचे चार रविवार तिनं हात वर केला नाही. सुवर्णवचनही म्हटलं नाही.

त्या चार आठवड्यांत मी स्वतःशी बराच हिशोब केला. इतकी वर्षं मी मुलांना प्रश्न विचारत आले होते आणि मुलं उत्तरं देत आली होती. नोहाला मुलगे किती? तीन. आज्ञा किती? दहा. शिष्य किती? बारा. उलट दिशेनं खरा प्रश्न येण्याची ही पहिलीच वेळ असेल असं मी म्हणणार नाही. पण आला तेव्हा तो मला ऐकू आला नसावा.

आमची ही शाळा अशी का झाली, याला थोडा इतिहास आहे. रविवारच्या शाळेची चळवळ सुरू झाली ती इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टर शहरात, १७८० मध्ये. रॉबर्ट रेक्स नावाच्या एका वृत्तपत्र चालवणाऱ्या गृहस्थानं ती पसरवली. गरिबांची मुलं आठवड्याचे सहा दिवस राबायची, त्यांना मोकळा दिवस रविवारचाच. त्या दिवशी त्यांना अक्षरओळख करून द्यायची आणि वाचायला पुस्तक बायबलचं, अशी ती कल्पना होती. म्हणजे मुळात ती खरोखरची शाळा होती. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात आहे. त्यांनीही इथं शाळा काढल्या. माणसाला वाचता आलं पाहिजे, म्हणजे तो शास्त्र स्वतः वाचेल, हा त्यामागचा विचार होता.

पुढं वाचायला शिकवण्याचं काम सरकारनं हाती घेतलं. कोल्हापूरकरांना तर हे सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलं वाचायला शाळेतच शिकू लागली. आमच्या रविवारच्या शाळेचं मूळ काम संपलं, पण तिचा साचा तसाच राहिला. फळा राहिला, हजेरीपट राहिला, पाठांतर राहिलं, परीक्षा राहिली. श्रद्धा हाही एक विषय आहे, तो दहावीपर्यंत शिकायचा आणि पास व्हायचं, असं मुलांना वाटू लागलं. मुलांचंच कशाला, आम्हा मोठ्यांनाही तसंच वाटत होतं.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. मराठी माणसाची श्रद्धा पाठांतरावरच जगली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत त्यात. लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या कानांना ओवीची सवय होती. कोरडी प्रश्नोत्तरं त्यांना पुरणार नाहीत हे स्टीफन्सनी ओळखलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही पुढं तेच केलं. इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं म्हणणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग आणि कीर्तन दिलं. ओठांवर बसलेलं गाणं म्हातारपणी, आजारपणात उपयोगी पडतं हे मी कितीदा पाहिलं आहे. पण पाठ केलेलं उपयोगी कधी पडतं? माणूस अडचणीत सापडला, त्याला प्रश्न पडला, म्हणजे. तो प्रश्न विचारायची सोयच ठेवली नाही तर पाठ केलेलं वचन नुसतं बक्षिसापुरतं राहतं.

गंमत म्हणजे आमच्या शास्त्रात हे सगळं आहे. निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडण सणाची आज्ञा आहे. तिथं असं सांगितलं आहे की, या विधीचा अर्थ काय असं तुमची मुलं विचारतील, तेव्हा त्यांना हकिकत सांगा. आजही यहुदी घरांत त्या सणाच्या जेवणाची सुरुवात सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी होते. येशूच्या बालपणातली एकच गोष्ट शुभवर्तमानांत आली आहे, लूकच्या दुसऱ्या अध्यायात. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो, आणि तो काय करत असतो? त्यांचं ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो. हा धडा मी निदान वीस वेळा शिकवला असेन. शिकवताना माझा सगळा भर आईवडिलांनी त्याला तीन दिवस कसं शोधलं यावर असायचा.

मुलांचं हे असं. आता तरुणांकडं येते.

आमच्याकडं बहुतेक मुलांचा बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. पंधरा-सोळाव्या वर्षी पाळकसाहेब त्यांचा वेगळा वर्ग घेतात. मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा यांचा अर्थ समजावतात. मग एका रविवारी सर्व मंडळीसमोर दृढीकरणाचा विधी होतो आणि ती मुलं प्रथमच प्रभुभोजनात भाग घेतात. मंडळी म्हणजे आमचा चर्चचा समुदाय. त्या दिवशी मुली पांढऱ्या साड्या नेसतात, फोटो निघतात, घरोघरी बिर्याणी असते. आणि पुढच्या रविवारपासून निम्मी मुलं दिसेनाशी होतात. विश्वास दृढ करण्याचा विधी निरोप समारंभासारखा होऊन बसतो.

आम्ही मोठी माणसं दोष मोबाइलला देतो, क्लासला देतो, पुण्याच्या नोकरीला देतो. त्यात तथ्य नाही असं नाही. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एम.आय.डी.सी.त पाळी करणाऱ्या मुलाला रविवारची सकाळ मिळतेच असं नाही. पण एकदा एका मुलानं मला थेट विचारलं होतं, “बाई, कॉलेजच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मी काय लिहू?” ज्यांना यातली खोच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाप्रमाणं त्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं गेलं. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्या मिळत नाहीत. जातीचे चटके मात्र धर्म बदलल्यानं थांबत नाहीत. काही घरांत म्हणून कागदावर एक आणि मनात एक असं चालतं. हा मुलगा मला खोटं बोलण्याविषयी विचारत होता, पोटाविषयी विचारत होता, आणि आजोबांनी घेतलेल्या निर्णयाचा आपल्याशी काय संबंध हेही विचारत होता. आमच्या दृढीकरणाच्या वर्गात यातल्या एकाही गोष्टीला धडा नव्हता. मी त्याला म्हटलं, “पाळकसाहेबांना विचार.” त्यानं विचारलं की नाही मला माहीत नाही. तो पुन्हा आला नाही.

याच कोल्हापुरात १८६३ मध्ये वायल्डर साहेबांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. अमेरिकेत कॉलेजात असताना, १८८६ मध्ये, माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं एक उन्हाळी शिबिर भरलं. तिथं शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्यासाठी आपली नावं दिली. त्यामागं रॉबर्टची मोठी खटपट होती. पुढं त्यातून विद्यार्थ्यांची एक मोठी चळवळ उभी राहिली. त्या चळवळीच्या सगळ्याच विचारांशी आज आपण सहमत होऊ असं नाही. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. विशीतल्या मुलांना तिथं काहीतरी करायला मिळालं होतं, कुणीतरी त्यांचा शब्द मोलाचा मानला होता. आम्ही आमच्या तरुणांना नाताळची आरास करायला बोलावतो आणि खुर्च्या उचलायला बोलावतो.

आणि मोठी माणसं? त्यांची शाळा तर केव्हाच सुटलेली. चाळिशीतल्या माणसाला उपासनेत बसून प्रवचन ऐकायचं एवढंच ठाऊक. आपलं शिकून झालं, आता पोरांनी शिकावं, अशी समजूत. या बाबतीत मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या, परत आल्या, सोवळंओवळं सांभाळत राहिल्या. आणि मग जातिभेद देवानं केलेले नाहीत हे त्यांना स्वतःच्या विचारानं पटलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे ठाऊक आहे. कुणी त्यांचा वर्ग घेतला नाही, परीक्षा घेतली नाही. मोठ्या माणसाची श्रद्धा अशी वेळ घेते. तिला वाट पाहणारी माणसं लागतात.

आता त्या मुलीकडं परत येते.

चार रविवार गेल्यावर मला राहवेना. आमच्याकडं बुधवारी संध्याकाळी प्रौढांचा शास्त्राभ्यास असतो. आठ-दहा माणसं येतात, बहुतेक साठीच्या पुढची. मी तिथं हा प्रश्न मांडला. लगेच चर्चा सुरू झाली. एकानं मूळ शब्दाचा अर्थ काढला, दुसऱ्यानं धरणातून पाणी कधी सोडलं त्याचा विषय काढला. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या आमच्या एक सिस्टर आहेत, सगळे त्यांना आत्या म्हणतात. त्या इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “हे सगळं असू दे. त्या पोरीच्या घरी कोण जाऊन आलंय का?”

कुणीही गेलं नव्हतं. मदतीची पाकिटं आम्ही वाटली होती. डाळ, तांदूळ, चादर. पण ती आजीनं येऊन नेली होती.

ईयोबाच्या पुस्तकात असंच घडतं. त्याचं सर्वस्व जातं तेव्हा तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत ते बरोबर असतात. मग ते देवाची बाजू मांडायला लागतात आणि शेवटी देवच त्यांच्यावर रागावतो. मी तर आधीचे सात दिवसही बसले नव्हते. थेट उत्तरापासून सुरुवात केली होती.

शनिवारी आत्या आणि मी त्या गावी गेलो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ होती. गोठा रिकामा. मुलीचे वडील रविवारी सहसा चर्चला येत नसत, पुरानंतर तर अजिबात नाही. चहा झाला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आत्यांनीच विचारलं, “म्हैस किती लिटर द्यायची?” तेवढ्यावर तो माणूस बोलायला लागला. रात्री पाणी एकदम वाढलं. म्हातारी आई, पोरं, यांना होडीत चढवायच्या गडबडीत दावं सोडायचं राहून गेलं. “दावं सोडलं असतं तर पोहून गेली असती बाई, म्हैस पोहते,” तो म्हणाला. “पोरीला कळलंय ते. ती माझ्याशी बोलत न्हाई.”

मुलगी दारात उभी होती. तिच्याकडं न बघता तो पुढं म्हणाला, “परत गेलतो मी. गळ्यापातूर पाणी लागलं तवा माघारी फिरलो.”

ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही परत गेलता?” हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे तिचा अर्धा प्रश्न देवाला होता आणि अर्धा वडिलांना. मी तो पुस्तकातला समजून बसले होते. आत्यांनी त्या दिवशी एक वचन म्हटलं नाही. वॉर्डात आपल्या हातून सुटलेल्या एका पेशंटची हकिकत त्यांनी सांगितली. निघताना प्रार्थना केली, ती दोन वाक्यांची.

यातून सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. वडील अजूनही वर्षातून चार-पाच वेळाच चर्चला येतात. म्हैस का गेली याचं उत्तर मला आजही देता येत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा त्यांनी नवी म्हैस दोन दिवस आधीच नातेवाइकांकडं नेऊन बांधली, एवढं मात्र मला आवर्जून फोन करून सांगितलं.

आमच्याकडं एक बदल झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आता मुलं, तरुण आणि मोठी माणसं एकत्र बसतात. कुणी शिक्षक नाही. शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि पहिला प्रश्न मुलांनी विचारायचा. उत्तर येत नसेल तर मोठ्यांनी ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचं, हा नियम. हे तीन शब्द उच्चारणं वडीलधाऱ्यांना किती जड जातं ते तिथं येऊन पाहावं. पहिले काही महिने तक्रारी झाल्या. असले प्रश्न मुलांच्या तोंडी शोभत नाहीत, असं काहींचं म्हणणं. वेळ लांबतो आणि घरी मटण शिजायला उशीर होतो, असं बाकीच्यांचं. कोल्हापुरात दुसरी तक्रार जास्त गंभीर, म्हणून आम्ही अर्धा तास लवकर सुरू करतो.

एकदा तिथं एका आजोबांनी सत्तर वर्षांचा प्रश्न विचारला. लहानपणी वारलेल्या त्यांच्या भावाविषयी होता. आठवीतला एक मुलगा त्यांच्याजवळ जाऊन बसला. उत्तर त्यालाही आलं नाही.

मला वाटतं हे फक्त आमच्या मंडळीपुरतं नाही. तुमच्या घरी कुणी लहान मूल आरतीच्या वेळी, नमाजाच्या वेळी, पारायणाच्या वेळी असा काही प्रश्न विचारत असेल. आपण बहुधा म्हणतो, “मोठा झालास की कळेल.” खरं तर मोठेपणी आपल्यालाही कळलेलं नसतं, आणि ते मुलापासून लपवण्यात आपली बरीच शक्ती जाते. श्रद्धा मुलांच्या हाती द्यायची तर तिच्यातली आपली अडलेली जागाही त्यांना दाखवावी लागेल.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. मध्यंतरी तिचं दृढीकरण झालं. त्याआधी पाळकसाहेब प्रत्येकाला विचारतात, तुला काही विचारायचं आहे का? तिनं वही काढली. त्यात अकरा प्रश्न लिहिलेले होते. म्हशीचा पहिला होता. पाळकसाहेबांनी तो वाचला आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “मला माहीत नाही.” ती हसली आणि म्हणाली, “बाई, दुसरा घ्या.”